खाऱ्या वाऱ्यात व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर: उघडा, टोपीचा की डबाबंद?

मालवण-वेंगुर्ल्याकडे कुणी घरी व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) बांधायला घेतला की वाइंडिंगवाला (तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर करणारा) विचारतोच, विजेचा ट्रान्सफॉर्मर उघडा देऊ, वाइंडिंगवर पत्र्याच्या टोप्या लावून देऊ की डब्यात भरून? घाटावर उत्तर सोपं आहे: उघडा घ्या, वारा लागू द्या. आमच्याकडचा वारा खारा, तिथेच घोडं अडतं.

दोन ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्हची फिलामेंटंच (आतल्या तापणाऱ्या तारा) ६.३ व्होल्टवर ३ अँपिअर खातात, म्हणजे १९ वॅट. जीझेड३४ रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असला तर वर ५ व्होल्टवर आणखी १.९ अँपिअर. हा भार गाणं चालू असो वा नसो, सतत असतो. त्यामुळे तारेचा रोध आणि कोअर (आतला लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा) मिळून ट्रान्सफॉर्मरला तापवत राहतात.

उघडा ट्रान्सफॉर्मर या तिघांत सर्वांत थंड चालतो, स्वस्त पडतो, पुन्हा गुंडाळून घेता येतो. पण आमच्या वाडीतल्या भजनी मंडळींच्या अ‍ॅम्पची गोष्ट ऐका. तो वर्षभर माळ्यावर असतो. एका चतुर्थीला खाली उतरवला आणि पहिल्याच आरतीला फ्यूज गेला. उघडून पाहिलं तर स्टॅम्पिंगच्या (कोअरच्या पत्र्यांच्या) कडांवर नारिंगी भुकटी आणि वाइंडिंगमधला कागद सादळलेल्या पापडासारखा. मेगरवर (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर) वाइंडिंग आणि कोअर यांच्यातला रोध पार पडलेला. लाकडी खोक्यात ४० वॅटचा पिवळा बल्ब लावून दोन रात्री आत ठेवला, तेव्हा रोध वर आला. मग थेट प्लग न लावता सिरीज बल्बवर (विजेच्या वाटेत बल्ब जोडून) हळूहळू उठवला. हा ट्रान्सफॉर्मर तापून बिघडला नव्हता, बंद राहून बिघडला होता. रोज तास-दोन तास चालणाऱ्या अ‍ॅम्पमध्ये दमट हवा मुरायला वेळच मिळत नाही. तेव्हा रोज ऐकणार असाल तर उघडा घ्यायला माझी हरकत नाही.

डबाबंदात आत काय भरलंय ते आधी विचारा. जुन्या डब्यांत डांबर असायचं. ते उष्णता नीट बाहेर सोडत नाही आणि फार तापलं की पाघळतं. खनिज भुकटी मिसळलेलं इपॉक्सी त्याहून बरंच चांगलं. ओल मात्र दोन्हींत शिरत नाही. घर अगदी पुळणीला लागून असेल आणि अ‍ॅम्प वर्षातून एकदाच लागणार असेल तर हाच घ्या. जळला तर फेकायचा, दुरुस्ती नाही.

मी स्वतः टोप्यांचा घेतो. आत हवा कोंडते, थोडा जास्त तापतो, पण तुषार वाइंडिंगवर बसत नाहीत. दोन अटी: वार्निश व्हॅक्यूममध्ये मुरवलेलं हवं, नुसतं वरून फासलेलं नको, आणि भार ९५ वॅट निघत असेल तर १५० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा घ्यायचा. जाड तार कमी तापते, त्यासाठी ना पंखा लागतो ना जाळी.

उरलेली उष्णता चॅसीतून (अ‍ॅम्पच्या पत्र्याच्या सांगाड्यातून) काढा. ३ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअम प्लेट घ्या आणि तिला ऑइल पेंट मारा. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, रंगवलेला पत्रा टाकतो. रंग काळाच हवा असं काही नाही. ट्रान्सफॉर्मरच्या बुडाखाली थर्मल पेस्ट लावाच, कारण खाऱ्या ओलीत लोखंड आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांना टेकले की पांढरी पूड धरते. आउटपुट व्हॉल्व्ह चार बोटं तरी लांब ठेवा.

अमेरिकेतल्या भाच्याने धाडलेल्या, फक्त ६० हर्ट्झसाठी केलेल्या अ‍ॅम्पला यातलं काहीच लागू नाही. आपल्या ५० हर्ट्झवर कोअरमधला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) २० टक्के वाढतो. स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून व्होल्टेज जुळेल, हर्ट्झ जुळणार नाहीत.

तापमान हाताने ठरवू नका, साठ अंशांनाच हात मागे येतो. भिंतीतून प्लग काढा, अ‍ॅम्पचं बटण चालू ठेवा आणि प्लगच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर धरा. माझ्याकडे सकाळी ३० अंशांना ८ ओहम होते, दोन तास वाजवल्यावर ९.६ झाले. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो, त्याचा हिशेब असा (२३४.५ हा तांब्याचा ठरलेला आकडा): ९.६ भागिले ८, गुणिले (२३४.५ अधिक ३०), त्यातून २३४.५ वजा. उत्तर साधारण ८३ अंश. हे सरासरी झालं, वाइंडिंगच्या आतल्या थरांत थोडं जास्तच असणार. ए वर्गाच्या इन्सुलेशनची मर्यादा १०५. मे महिन्यातल्या दुपारी पुन्हा मोजेन.