बंदूक-उद्योगावर दिवाणी दावा: मसुदा न्यूयॉर्कचा घ्यावा की कॅलिफोर्नियाचा?

अमेरिकेतल्या एखाद्या राज्याला बंदूक-उद्योगावर दिवाणी दावा लावू देणारा कायदा करायचा असेल, तर आधी २००५चा पीएलसीएए (प्रोटेक्शन ऑफ लॉफुल कॉमर्स इन आर्म्स ॲक्ट) हा संघीय कायदा वाचावा. गुन्हेगाराने बंदुकीचा गैरवापर केला म्हणून उत्पादकावर किंवा दुकानदारावर दावा लावायला तो मनाई करतो. राज्यांच्या कामाचा अपवाद असा: बंदुकीच्या विक्रीला किंवा विपणनाला लागू असलेला कायदा जाणूनबुजून मोडला आणि त्या उल्लंघनातूनच इजा झाली, तर दावा चालतो.

'लागू असलेला' या शब्दांवरच न्यूयॉर्क शहराचा बेरेटा कंपनीविरुद्धचा दावा २००८मध्ये अडला. सर्वसाधारण उपद्रवाचं (लोकांच्या सुरक्षेला किंवा आरोग्याला बाधा आणणाऱ्या कृत्याचं) कलम त्यात बसत नाही, असं सेकंड सर्किट या संघीय अपील न्यायालयाने ठरवलं. म्हणून न्यूयॉर्क राज्याने २०२१मध्ये थेट बंदूक-उद्योगाचं नाव घेऊन कायदा केला. चोरी, बेनामी खरेदी आणि अपात्र माणसाला होणारी विक्री रोखण्यासाठी वाजवी बंदोबस्त ठेवणं त्यात बंधनकारक आहे. उल्लंघन झालं तर तो सार्वजनिक उपद्रव. जखमी व्यक्ती आणि ॲटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) दोघेही दावा लावू शकतात. त्याला दिलेलं आव्हान सेकंड सर्किटनेच जुलै २०२५मध्ये फेटाळलं. न्यूयॉर्कची ही फार मोठी जमेची बाजू.

कॅलिफोर्नियाचा २०२२चा कायदा (अंमल १ जुलै २०२३पासून) उपद्रवाची चौकट न घेता उद्योगाचं आचरण-मानक ठरवतो. पीडितांसाठी तो जास्त मोलाचा. कंपनीच्या वागण्यातून आधी दिसण्याजोगा धोका निर्माण झाला आणि वाजवी बंदोबस्ताने तो टाळता किंवा बराच कमी करता आला असता, हे दावेदाराने दाखवलं, की बंदोबस्त वाजवी नव्हता असं गृहीत धरलं जातं आणि ते खोडून काढण्याचं ओझं कंपनीवर पडतं. मधे तिसऱ्याने गुन्हा केला, एवढ्यावर कंपनी सुटत नाही, हेही त्यात लिहिलंय. मात्र 'असाधारण धोकादायक' उत्पादनाचं कलम उचलू नये. ते विक्रीपेक्षा रचनेकडे झुकतं आणि अपवादाच्या कडेला जातं.

इलिनॉयने २०२३मध्ये ग्राहक-फसवणूक कायद्यातच भर घातली. तिथलं अल्पवयीनांना भुरळ घालणाऱ्या जाहिरातींवरचं कलम जरूर घ्यावं.

कनेक्टिकटमध्ये सँडी हूक शाळेतल्या गोळीबाराबद्दल बंदूक-उत्पादक रेमिंग्टनवर लावलेला दावा सामान्य व्यापार कायद्यावरच तगला (२०१९) आणि २०२२मध्ये रेमिंग्टनच्या विमा कंपन्यांनी ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड केली, हे खरं. पण तो त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. इतरत्र तो बंधनकारक नाही.

आमचं मत: गाभा न्यूयॉर्कचा, पुराव्याची कलमं कॅलिफोर्नियाची. 'जाणूनबुजून' सिद्ध करायला कागद लागतात, म्हणून विक्रेत्याने संशयास्पद खरेदीची नोंद ठेवावी, असंही कलम घालावं.