ब्रेकिंगवालं न्यूज अॅप: दोन स्टार, ते पण बाजारभावासाठी

नाव घेत नाही, मराठी न्यूजचं अॅप आहे, लाल रंगाचं, ओळखणारे ओळखतील. लोकसभेच्या आधी वर्षाचं पॅक घेतलं कारण आमची वाई सातारा मतदारसंघात आणि मी पुण्यात, म्हटलं गावाकडचं कळत राहील.

नोटिफिकेशनचा आवाज एवढा की मीटिंगमध्ये दोनदा लाज गेली. उघडून बघावं तर तीन ओळी, मध्ये जाहिरात, मग परत त्याच तीन ओळी. 6 फेब्रुवारी 2024 ला निवडणूक आयोगानं राष्ट्रवादीचं घड्याळ चिन्ह अजितदादांना दिलं आणि 22 तारखेला पवारसाहेबांच्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला, तेव्हापासून अॅपवर रोज कुणीतरी रणशिंग फुंकतंय, कुणाची तरी तुतारी बेसूर होतेय, नुसते शब्दांचे खेळ. पण मतदानाच्या मशीनवर अजून एक वाद्य असणार होतं, ट्रम्पेट, म्हणजे आपली पिपाणी, आणि आयोगाच्या तेव्हाच्या मराठी यादीत तिचंही नाव तुतारीच लिहिलं होतं, हे मोठ्या अक्षरात एकदा तरी सांगायचं ना! दोन चित्रं शेजारी शेजारी टाकायला काय जात होतं? मला तरी मतदानाआधी एकदाही दिसलं नाही, आणि मी दिवसातनं दहा वेळा अॅप उघडत होतो.

7 मे ला आत्याचा फोन, "आरं, दोन तुताऱ्या हायत्या मशीनवर, मी दाबली एक." कुठली गं? "चष्मा घरीच राहिला बघ." बास, विषय संपला.

4 जूनला निकाल. पवारसाहेबांच्या गटाचे 10 पैकी 8 आले, साताऱ्यात मात्र त्यांचे शशिकांत शिंदे 32,771 मतांनी पडले आणि पिपाणीवाल्या अपक्षाला 37,062 मतं. आता अॅपला एकदम कंठ फुटला, पिपाणीनं घात केला, पिपाणीनं गेम केला, दिवसभर टिंग टिंग टिंग. अरे पण त्यातली किती मतं चुकून पडली हे तुम्हाला कुणी सांगितलं? सगळी फिरली असती तरच सीट फिरते असं नाही, पण बहुतेक सगळी फिरावी लागतात, आकडे तुम्हीच दिलेत, वजाबाकी करा की. शंका घ्यायला जागा आहे, भरपूर आहे, दिंडोरीत पिपाणीला लाखाच्या वर मतं गेली म्हणजे काहीतरी गोंधळ झालाच असणार. पण शंका वेगळी आणि हेडलाईन वेगळी. आमच्या आत्याला स्वतःला माहीत नाही तिनं काय दाबलं, यांना कसं माहीत?

कस्टमर केअरला लिहिलं, उत्तर आलं की फीडबॅकबद्दल धन्यवाद, खाली प्रीमियमची ऑफर.

चांगलं एकच, जिल्ह्याचं पान आणि बाजारभाव वेळेवर येतात. मी अॅप काढून टाकलं, आत्याच्या फोनात ठेवलंय, नोटिफिकेशन बंद करून. हळदीचा भाव बघते ती.