दोन इंची लिफ्ट किटच्या नावाखाली बसवलेले ठोकळे

बिलावर लिहिलेलं: दोन इंची सस्पेन्शन लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग), चार स्प्रिंग, चार शॉक अॅब्सॉर्बर, ३३ इंची टायर, अलाइनमेंटसह. गाडीखाली निघालं ते वेगळंच. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेल्या खांबाच्या, डोक्यावर अॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, मागच्या स्प्रिंगखाली जाड चकत्या, शॉक जुनेच, फक्त रंग मारलेले. गाडी उंच झालेली होती, त्यामुळे ताब्यात घेताना शंका यायचं कारणच नव्हतं. उंची डोळ्यांना दिसते, पैसे मात्र न दिसणाऱ्या भागांचे घेतलेले असतात.

ठोकळा, म्हणजे स्पेसर, हा काही वाईट माल नव्हे. थोडी उंची हवी असेल तर चालतो, पण तो स्पेसर म्हणूनच विकला पाहिजे. शिवाय त्याची जाडी म्हणजे गाडीची वाढलेली उंची नव्हे. स्वतंत्र फ्रंट सस्पेन्शनमध्ये, म्हणजे पुढची दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात तिथे, स्ट्रट खालच्या आर्मवर (चाक धरणाऱ्या दांड्यावर) चाकापासून बराच आत बसतो. म्हणून डोक्यावरचा एक इंचाचा ठोकळा चाकापाशी बहुतेक गाड्यांत दोन इंचांच्या आसपास उंची देतो. 'दोन इंची' म्हणून दोन इंच जाडीचाच ठोकळा ठोकला, तर गाडी चार इंचांकडे जाते. मग चाक हवेत लटकताच आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट शेवटपर्यंत ताणला जातो, वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो, चाकाला ताकद पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचा कोन वाढून त्याचा बूट, म्हणजे ग्रीस धरणारं रबरी आवरण, फाटतो. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर समजायचं, बूट गेला.

दुसरी चलाखी त्याहून बेमालूम. गाडी लिफ्टवर टांगलेली असतानाच कंट्रोल आर्मच्या बुशांचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट पूर्ण आवळतात. गाडी खाली आली की पिळलेलं रबर तिला वर धरून ठेवतं आणि मोजमाप छान येतं. काही दिवसांत बुश फाटतात आणि गाडी बसते. हे बोल्ट चाकं जमिनीवर असताना, गाडीच्या वजनाखालीच, टॉर्क रेंचने आवळायचे असतात. कारागिराला विचारून बघा. 'काय फरक पडतो' असं उत्तर आलं तर काम दुसरीकडे द्यावं.

उंची मोजायची ती हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, सपाट जमिनीवर, चारही कोपऱ्यांत, काम सुरू होण्याआधी आणि नंतर. जमिनीपासून मोजलं की मोठ्या टायरची उंचीही किटच्या खात्यात जमा होते, आणि विक्रेता नेमकं तेच करतो.

अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवल्याचा, छापील कागद मागा, आधीचा आणि नंतरचा. फक्त टो (चाकं पुढून आत की बाहेर वळलेली) जुळवून 'झालं' म्हणणारे पुष्कळ. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी राहिला तर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, वेगात गाडी भटकते. मूळ आर्ममध्ये तो जुळत नसेल तर वेगळा वरचा आर्म लागतो, आणि तो बिलात आधीच असायला हवा. मागच्या अॅक्सलला लोड सेन्सिंग ब्रेक व्हॉल्व (वजनानुसार मागचा ब्रेक कमीजास्त करणारा) असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट राहून जाते: बॉडी उचलली की व्हॉल्वला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. त्याचा दांडा किंवा ब्रॅकेट जुळवून घ्यावंच लागतं. ब्रेकच्या नळ्याही चाक पूर्ण लटकवून तपासा. ताणल्या जाता कामा नयेत.

टायरमध्ये फसवणूक आकड्यांची. २६५/७०आर१७ चा व्यास ८०३ मिलिमीटर, म्हणजे ३१.६ इंच. २८५/७०आर१७ चा ८३१, म्हणजे ३२.७. पहिला टायर 'जवळजवळ ३३' म्हणून गळ्यात मारतात. २६५ च्या जागी खरा मोठा टायर लावला तरी अॅक्सलखालची जागा व्यासातल्या फरकाच्या निम्मीच वाढते, इथे १४ मिलिमीटर. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा वेग सुमारे १०३.५ असेल.

टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे बनावटीच्या तारखेचे: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पुष्कळदा ही तारीख टायरच्या एकाच बाजूला असते आणि जुना साठा खपवताना तीच बाजू आत ठेवली जाते. टॉर्च घेऊन खालून वाचा, पाचव्या चाकासकट. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडाही बघा: ११२ म्हणजे ११२० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. साइझमध्ये 'एलटी' (लाइट ट्रक) नसलेला टायर जड कामाचा म्हणून विकला गेला असेल, तर त्याचं नक्षीकाम कितीही राकट असो, मागणी केलेला माल तो नव्हे. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला हवा जास्त लागते, दरवाजावरच्या स्टिकरवरचा आकडा त्याला चालत नाही.

चाकं रिमसकट बदलली असतील तर ऑफसेट, म्हणजे रिम किती आत-बाहेर बसते ते विचारा. टायर घासतो का ते स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, एक चाक उंचवट्यावर चढवून पाहायचं. सपाट जागेवर सगळेच बसतात.

बिलात प्रत्येक भागाचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि काढलेले जुने स्प्रिंग, शॉक, टायर परत मागा. नवे खरोखर बसले असतील तर जुने गॅरेजमध्ये पडलेले असणारच. 'भंगारात गेले' हे उत्तर मिळालं तर पैसे देण्याआधी गाडी पुन्हा लिफ्टवर चढवायला सांगा.