डेंग्यू जागृती किटचा रिव्ह्यू : सगळं आहे, फक्त कूलर नाही बाप्पा

आमच्या शाळेनं यंदा पाचवी ते आठवीसाठी डेंग्यू जागृतीचं किट मागवलं होतं, दुसऱ्या शाळांतले बरेच टीचर्स विचारून राहिले की कसं आहे, घ्यावं का, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. मी सहावीला सायन्स शिकवते, मराठी मीडियम, साउथ नागपूर. किट कोणाचं ते लिहीत नाही, मला सामानाबद्दल बोलायचं आहे.

बॉक्समध्ये काय येतं तर एक भिंग, झाकणाला जाळी लावलेली प्लास्टिकची बरणी, ड्रॉपर, दोन मोठे पोस्टर, सापशिडीटाइप खेळ, घर तपासायच्या चेकलिस्टचं पॅड, लक्षणांचं कार्ड आणि डास पळवणारे रबरी बँड. वर्गाला एक किट, किंमत साडेनऊशे. पहिल्यांदा बघून वाटतं एवढ्याशा सामानाचे एवढे पैसे काहून, पण भिंग आणि बरणी या दोनच गोष्टींनी माझ्या हिशोबानं पैसे वसूल केले, बाकीच्यावर येते नंतर.

आपल्या पोट्ट्यांना डेंग्यूबद्दल काही माहीत नाही असं नाहीये. एडिस इजिप्ती डासाची मादी चावते, दिवसा चावते, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालते, आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, सगळं तोंडपाठ, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण अळी समोर ठेवली तर ओळखता येत नाही. बरणीत टाकायला अळ्या आपल्याला आणाव्या लागतात, त्या काही बॉक्समध्ये येत नाहीत, आणि नागपुरात जुलैमध्ये त्या शोधायला लांब जावं लागत नाही, आमच्या शाळेच्या मागं पडलेल्या तुटक्या वॉश बेसिनमध्येच मिळाल्या. हेडसरांना ते फारसं आवडलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बेसिन तिथून गायब होतं, तेवढा तरी फायदा.

तर बरणी खिडकीत उजेडाला ठेवली आणि एकेकाला भिंगातून बघायला लावलं. अळी पाण्याच्या वरच्या थराला शेपटीकडची नळी लावून डोकं खाली करून तिरकी लटकलेली असते, त्या नळीतूनच ती श्वास घेते, बरणीला बोटानं टिचकी मारली की सगळ्या एकदम वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळानं परत वर येतात, कारण हवा तर लागतेच ना. हे बघायला एवढी झुंबड उडाली की मधली सुट्टी झाली तरी कोणी डबा उघडायला तयार नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक जण बोलला, "मॅडम, हे तर आमच्या कूलरमध्ये खूप सारे असतात, आजी म्हणते पाण्याचे किडे आहेत, काही नाही करत." आणि मग अर्ध्या वर्गाच्या घरी तेच निघालं. कोणाच्या ड्रममध्ये, कोणाच्या टाकीत. म्हणजे पाण्यातले ते किडे आणि संध्याकाळी पायाला चावणारा डास एकच आहे, हे या लेकरांच्या डोक्यात जोडलेलंच नव्हतं, पेपरात मात्र डासाचं जीवनचक्र आकृतीसकट दर वर्षी काढतात.

पुढचे काही दिवस बरणी वर्गातच ठेवली. अळीचा कोष झाला, स्वल्पविरामासारखा वाकडा, आणि एका सकाळी जाळीला आतून डास बसलेला, पायावर पांढरे पट्टे स्पष्ट. अंडं ते डास हा सगळा खेळ आपल्याकडच्या गरमीत साधारण आठ-दहा दिवसांत आटोपतो, म्हणूनच कोरडा दिवस आठवड्याला असतो, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलंच नाही.

इथं एक तक्रार आहे आणि ती सिरियस आहे. बरणीची जाळी लूज आहे, इलास्टिक दोन वेळा काढलं-लावलं की ढिलं पडतं, मी सरळ मलमलचा कपडा डबल करून वरून रबर लावला. नुकत्याच निघालेल्या डासात सहसा व्हायरस नसतो, तो डेंग्यूच्या पेशंटला चावल्यावर येतो आणि मग डासाच्या अंगात ८ ते १२ दिवस वाढतो, तेव्हा कुठं तो दुसऱ्याला देतो, हे मी पालकांना मीटिंगमध्ये सांगितलं, तरी वर्गात डास सोडायचे म्हणजे काय हो. शेवटी साबणाचं पाणी ओतून बरणी खाली केली. किटमधल्या सूचनेत याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

आता पोस्टर. पहिल्यावर घाणेरडी गटार आणि तिच्यावर डासांचा ढग. अरे बाप्पा, हा डेंग्यूचा डास गटारीत वाढणारा नाहीच, गटारीतला तो क्युलेक्स. दुसऱ्यावर रात्री पलंगावर झोपलेलं लेकरू आणि त्याला चावणारा डास, बाजूला चंद्र. एडिसचा जोर सकाळी उजाडल्यानंतर आणि दुपार कलल्यावर मावळतीपर्यंत असतो, म्हणजे बरोबर शाळा, ट्यूशन आणि मैदान या टायमाला, जेव्हा पोट्टे हाफ पँटवर बाकाखाली पाय हलवत बसलेले असतात. त्यात एका कोपऱ्यात रोनाल्ड रॉसचा फोटो आणि २० ऑगस्ट १८९७. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात सापडले तो हा शोध, डासही वेगळा, ॲनोफिलीस, डेंग्यूच्या किटमध्ये ती जागा फुकट गेली. दोन्ही पोस्टर मी लावले नाहीत.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पोस्टरवर आणि चेकलिस्टमध्ये जे घर दाखवलंय ते फ्लॅट आहे, बाल्कनी, कुंड्या, एसीचं पाणी, फ्रीजच्या मागचा ट्रे, मनी प्लांट. कूलर नाही! नागपुरात डेंग्यू शिकवायला निघालात आणि कूलर नाही. आपल्याकडं मार्चमध्ये कूलर निघतो, बाजूच्या गवताच्या ताट्या बदलतात, मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा गेला की दिवस-रात्र चालतो, जूनमध्ये पाऊस आला की बंद होतो, पण हलत नाही. खिडकीला स्टँडवर तसाच उभा, टाकीत चार बोटं पाणी, परत उकाडा झाला तर लागेल म्हणून. पोळा आला तरी तो तिथंच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळं बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणजे पोट्टे वर्गात येतात तेव्हाच घरोघरी कूलर बंद होऊन टाकीत पाणी साचलेलं असतं, शिकवायला याहून चांगला टाइम नाही. मनपाचे लोक घरी तपासायला येतात तेव्हाही आधी कूलरमध्ये टॉर्च मारतात ना.

म्हणून मी चेकलिस्टचं पान स्वतः बनवलं. कूलरची टाकी, काढून ठेवलेल्या ताट्या, उन्हाळ्यात पाखरांसाठी टांगलेला सकोरा, माठाखालचं ताट, छतावर टिन उडू नये म्हणून ठेवलेले टायर, नळ कमी येतो म्हणून भरून ठेवलेले ड्रम. किटच्या चेकलिस्टमध्ये अजून एक गडबड आहे, तिथं फक्त "पाणी फेका" लिहिलंय. मादी अंडी पाण्याच्या लेव्हलच्या थोडं वर भांड्याच्या भिंतीला चिकटवते, आणि ती कोरड्यात कित्येक महिने टिकतात, पाणी लागलं की फुटतात. नुसतं पाणी फेकून काय होणार, ब्रशनं घासावं लागतं, टाकीच्या कोपऱ्यात आणि पंपाच्या खाली खास करून. आणि अळ्यांचं पाणी नालीत नाही टाकायचं, उन्हात कोरड्या जमिनीवर टाकायचं.

घरून काय काय ऐकायला आलं ते ऐका. "बंद आहे ना कूलर, मग काय होते त्याले." एका मुलीच्या बाबांनी वरून कव्हर घातलंय म्हणून सोडून दिलं, तिनं कव्हर उचलून बघितलं तर आत मजेत वळवळ चालू. तिनं डब्यात भरून आणल्या आणि शाळेत भिंगाखाली ठेवल्या, बाबांना दाखवायला डबा परतही घेऊन गेली. संध्याकाळी टाकी घासली गेली असं ऐकलं.

रबरी बँडबद्दल जास्त लिहीत नाही, पोट्ट्यांना रंग आवडले, दोन दिवस मिरवले. सिट्रोनेलाचा वास लवकर उडतो आणि मनगटातला बँड घोट्याला चावणाऱ्या डासाचं काही करू शकत नाही. त्यापेक्षा फुल पँट, मोजे आणि उघड्या अंगावर डीईईटीवालं किंवा तसंच रिपेलंट क्रीम लेबलवर लिहिल्याप्रमाणं.

लक्षणांचं कार्ड मात्र खरंच चांगलं आहे. जोराचा ताप, डोळ्यांच्या मागं दुखणं, अंग-सांधे ठणकणं हे तर आहेच, पण ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त सांभाळायचे असतात, पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, एकदम सुस्ती असेल तर लगेच दवाखान्यात, हे ठळक अक्षरात लिहिलंय. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन घ्यायच्या नाहीत, हेही आहे. २०२१ च्या पावसाळ्यात नागपुरात डेंग्यूनं जो धुमाकूळ घातला तेव्हा घरोघरी फक्त प्लेटलेट्स किती एवढंच चालू होतं, पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध शोधत लोक फिरत होते, ताप गेला म्हणून निवांत बसणारेही पाहिलेत. एक ओळ वाढवायला पाहिजे होती, की एकदा डेंग्यू झाला म्हणजे सुटलो असं नाही, व्हायरसचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकारचा झाला तर जास्त सिरियस व्हायची शक्यता असते. वर्गात ज्यांना होऊन गेलाय तेच सगळ्यात बिनधास्त असतात.

सापशिडी ठीक आहे, पाऊस असला की पीटीच्या तासाला चालते.

५ पैकी ३ स्टार. पाचवीच्या वरच्या वर्गांना घ्या, लहान्यांना भिंग-बरणी झेपत नाही. ऑर्डर देताना बँड नको म्हणून सांगा, आम्हाला फोनवर किंमत कमी करतो म्हणाले आणि बिलात तेवढेच लावले, तर आधीच लिहून घ्या. आणि मे महिन्यातच मागवा, आमचं पार्सल शाळा उघडून बरेच दिवस झाल्यावर आलं, तोवर मी घरचं भिंग आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन सुरुवात केली होती, आणि खरं सांगायचं तर तिची जाळी किटपेक्षा फिट बसली.