पीपीएफ: चकाकीआधी कडा तपासा

गाडीच्या रंगाला जपण्यासाठी वर चिकटवायची पारदर्शक पेंट प्रोटेक्शन फिल्म (पीपीएफ) घेताना पहिला प्रश्न मटेरियलचा. टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन या लवचिक प्लास्टिकची) फिल्म ताणली तरी रबरासारखी परत येते, वळणांवर नीट बसते. पीव्हीसी स्वस्त पडते, पण उन्हात पिवळी नि कडक होते, आकसून कडांना सुटते आणि काढताना तुकड्यातुकड्यांनी निघते. ती घेऊच नका. जाडी १५० ते २०० मायक्रॉन पुरे. त्याहून जाड फिल्म बंपरच्या कोपऱ्यांवर बसवताना कारागिराचा घाम निघतो.

‘सेल्फ-हीलिंग’ शब्दाला भुलू नका. धुताना पडलेले बारीक ओरखडे उन्हाने किंवा गरम पाण्याने भरून येतात. किल्लीने चिरलेली फिल्म चिरलेलीच राहते.

खरी परीक्षा कडांची. बॉनेटवर फिल्मची कड शक्य तिथे आत दुमडलेली हवी. नख फिरवून पाहा: अडकलं, तर तिथेच धूळ चिकटून काळी रेघ उमटणार. फिल्मखालचे पाण्याचे धूसर ठिपके काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत सुकतात. अडकलेला धुळीचा कण मात्र कायमचा, तो गाडी ताब्यात घेण्याआधीच दाखवा.

पहिला आठवडा गाडी धुऊ नका. नंतर न्यूट्रल पीएचचा शाम्पू आणि मऊ मायक्रोफायबर. प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर तिरका मारलात, तर पाणी आत शिरून फिल्म उचलली जाते. किमान फूटभर लांब धरा. पक्ष्यांची विष्ठा खरवडू नका, ओलं फडकं ठेवून मऊ झाल्यावर उचला. सांडलेलं पेट्रोल लगेच पुसा.