आधी छेद तपासावा की आधी सरळ रूप द्यावे?

गुणोत्तरीय बैजिक राशी, म्हणजे जिचे अंश आणि छेद दोन्ही बहुपदी आहेत अशी राशी, चलाच्या कोणत्या किमतींसाठी अर्थपूर्ण आहे, हे ठरवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत राशी दिली तशीच ठेवून तिचा छेद शून्य मानायचा आणि त्यातून मिळणाऱ्या किमती वगळायच्या. दुसरीत आधी राशीला सरळ रूप द्यायचे आणि मग उरलेला छेद पाहायचा. नववी-दहावीच्या मुलांना शिकवताना मी बरीच वर्षे दुसरी रीत वापरली, आता पहिली वापरतो.

दुसऱ्या रीतीची बाजू कमकुवत नाही. छेद त्रिघाती असला तरी अवयव काटल्यावर बहुधा साधी द्विपदी उरते आणि तिचे मूळ तोंडी सांगता येते. अंश व छेद यांच्यात सामाईक अवयव नसेल, तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते.

मला खटकली ती एकच गोष्ट, पण ती फार खटकली. (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ४) ही राशी घ्या. अंशाचे अवयव (क्ष − २)(क्ष − ३) आणि छेदाचे (क्ष − २)(क्ष + २), म्हणून सरळ रूप (क्ष − ३)/(क्ष + २) येते आणि विद्यार्थी −२ ही एकच किंमत वगळतो. वगळायची दुसरी किंमत, म्हणजे २, वहीतून नाहीशी झालेली असते. ही चूक शोधणे अवघड जाते, कारण अवयव बरोबर असतात, काट बरोबर असते आणि सरळ रूपात २ ठेवला तर −१/४ असे स्वच्छ उत्तर मिळते. मूळ राशीत मात्र तोच २ ठेवल्यावर ०/० येते. एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, मग हे −१/४ आले कुठून?” क्ष − २ काटला त्याच वेळी तो शून्य नाही असे आपण गृहीत धरले होते, हे तिला समजावताना माझा कल बदलला. हा मोह जुना आहे: शून्याने गुणलेल्या राशीला पुन्हा शून्याने भागले तर ती राशी तशीच राहते, असे भास्कराचार्यांनीही ‘लीलावती’त मानले आहे.

काही शिक्षक काटण्याच्या ओळीशेजारीच ‘क्ष ≠ २’ लिहायला सांगतात. ज्यांना ही सवय आहे त्यांना दुसरी रीत सोडण्याचे कारण नसावे, परंतु काटण्याच्या घाईत ही अट हमखास राहून जाते, असा माझा अनुभव आहे.

भागाकारात पहिल्या रीतीलाही जपून राहावे लागते. (क्ष + १)/(क्ष − ३) ला (क्ष − ५)/(क्ष + २) ने भागायचे असेल, तर केवळ दोन छेद पाहून ३ आणि −२ मिळतात, पण ५ निसटतो, कारण तो भाजक राशीच्या अंशात आहे आणि भाजक शून्य असून चालत नाही. दुसऱ्या रीतीत भाजक उलटवल्यावर छेदात (क्ष − ३)(क्ष − ५) येतो, त्यामुळे ५ सापडतो. मात्र क्ष + २ अंशात गेल्याने, काहीही न काटता, −२ हरवतो. म्हणून भागाकाराचे चिन्ह दिसले की मी मुलांना भाजक उलटवण्यापूर्वीच दोन्ही छेद आणि भाजकाचा अंश यांच्यासाठी तीन अटी लिहायला लावतो, आणि मगच पुढची ओळ.