मेश हेड रिपेअर सेट: नवीन पॅड घेण्याआधी हा बघाच

माझ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमसेटच्या स्नेअरचं मेश हेड, म्हणजे काठी मारायची जाळी, मधोमध विरलेलं आणि एका टॉमवर हळू मारलं तर आवाजच नाही, जोरात मारलं की एकदम धाडकन, अशी अवस्था होती. नवीन पॅड बजेटच्या बाहेर म्हणून हा बिनब्रँडचा सेट मागवला. डबल लेयर मेश हेड्स, हेड आणि सेन्सरच्या मध्ये बसणारे फोमचे कोन, वायर आधीच सोल्डर केलेले पिझो सेन्सर (काठीचा फटका ओळखणाऱ्या चकत्या) आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी फोम टेप, बास एवढंच.

पण ऑर्डर करायच्या आधी केबल बदलून बघा राव! चालू पॅडची केबल बंद पॅडला लावायची, बरेचदा पॅड ठणठणीत असतं आणि तुटलेली असते वायर.

हेड्स चांगली आहेत. बाऊन्स थोडा जास्त वाटतो पण ताण नीट दिला की सवय होते, फक्त समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत जायचं, एकाच बाजूने आवळत सुटलात तर हेड तिरकं बसतं. १९९७ ला रोलंड कंपनीने टीडी-१० या मॉड्यूलसोबत (पॅडला जोडलेला, आवाज काढणारा डबा) मेश पॅड आणले तेव्हा ही चैनीची गोष्ट होती, आता स्वस्तातल्या किटवरपण असतं.

पिझो ही सगळ्यात कामाची वस्तू. मधल्या पांढऱ्या सिरॅमिकवर सोल्डरिंग गन जरा जास्त वेळ टेकली की सेन्सर खलास, म्हणून वायर लावून आलेत हे बेस्ट. फक्त जुन्याचा व्यास मोजून घ्या, २७ आणि ३५ मिमी हे नेहमीचे, आणि काढताना लाल-काळी वायर कुठे होती त्याचा फोटो काढून ठेवा.

कोन मात्र बोगस. कोनचं टोक शेलच्या (पॅडच्या बाहेरच्या कवचाच्या) काठापेक्षा २-३ मिमी वर आलं तर हेडला हलकं टेकतं, यातले कोन त्याहून बरेच जास्त वर येतात आणि कडकपण आहेत, मग मधोमध काठी पडली की कानठळ्या आणि कडेला काहीच नाही. खाली पातळ टेप लावून भागवलं, पण विकणाऱ्याने मऊ फोम द्यायला काय जात होतं?

बसवल्यावर मॉड्यूलच्या सेटिंगमध्ये जावंच लागतं. सेन्सिटिव्हिटी आधी कमी करा, एका फटक्याला दोन आवाज आले तर मास्क टाइम (एका फटक्यानंतर पुढचा फटका न मोजण्याचा वेळ) वाढवा, आणि स्नेअर वाजवताना टॉम आपोआप वाजत असेल तर क्रॉसटॉकची सेटिंग बघा. खरा वेळ इथेच जातो, पॅड उघडायला काही नाही लागत.

रबर पॅडवाल्यांनी हेडच्या भानगडीत पडू नका, हेड आवळायची कडी, म्हणजे हूपच नसतो तर आवळणार कशाला! आतला पिझो बदलता येतो पण कडक झालेलं रबर काही मऊ होत नाही. आणि क्रॅश झांजेच्या कडेचा चोक (कड धरून आवाज थांबवायची सोय) बंद पडला असेल तर तिथे वेगळा स्विच असतो, त्याला हा सेट चालत नाही, तेवढं झांजेचं पॅड सेकंडहँडच शोधा.